शेतात गोठा, गोदाम किंवा शेतघर बांधण्याची परवानगी : अर्जाआधी आणि अर्जानंतर

शेतात बांधकाम करायचे ठरले की बहुतेक जण आधी गवंड्याला जागा दाखवतात, मग ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणतात, आणि जोते वर आल्यानंतर महसूल खात्याची नोटीस हाती पडली की कायदा काय म्हणतो याची चौकशी सुरू करतात. हा क्रम उलटा असायला हवा. महाराष्ट्रात शेतजमिनीवर बांधकामाचा हक्क शेतकऱ्याला कायद्यानेच दिलेला आहे. मात्र त्या हक्काला क्षेत्राची, उंचीची, वापराची आणि ठिकाणाची मर्यादा आहे, आणि ही मर्यादा वीट रचण्याआधी तपासली तर तिचा त्रास होत नाही.

प्रश्न पहिला : बांधकाम ‘शेत इमारत’ आहे का?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २(९) मध्ये शेत इमारतीची व्याख्या दिली आहे. शेतीची अवजारे, खत किंवा चारा ठेवण्यासाठी, शेतमाल साठवण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, जमीनधारकाच्या कुटुंबातील माणसे, नोकर किंवा कुळे यांना राहण्यासाठी, किंवा त्या धारकाच्या वहिवाटीचा अविभाज्य भाग असलेल्या अन्य कारणासाठी शेतजमिनीवर उभारलेली वास्तू म्हणजे शेत इमारत. या व्याख्येतील बारकावा असा की, ती वास्तू त्या जमिनीशी किंवा त्याच धारकाच्या अन्य जमिनीशी जोडलेली असली पाहिजे. स्वतःच्या रानातला कांदा ठेवण्यासाठी उभारलेली चाळ या व्याख्येत सहज बसते. पंचक्रोशीतील व्यापाऱ्यांचा माल भाड्याने ठेवण्यासाठी बांधलेले गोदाम बसत नाही, मग त्याचे पत्रे, खांब आणि लांबी-रुंदी अगदी चाळीसारखी का असेना.

इमारत दिसते कशी यावरून निर्णय होत नाही, ती वापरली कशासाठी जाणार यावरून होतो, हे अर्जदाराने मनात पक्के धरावे. पर्यटकांना मुक्कामासाठी द्यायच्या खोल्या, ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज, विक्रीचे दुकान, रस्त्याकडेचे हॉटेल यांना शेत इमारत म्हणून परवानगी मागणे म्हणजे स्वतःच्या सहीने चुकीची माहिती देणे होय. अशा वापरासाठी अकृषिक वापराचा मार्ग आहे आणि तो त्याच अधिनियमाच्या कलम ४२ पासून पुढच्या तरतुदींत आहे. प्रक्रिया उद्योगाच्या बाबतीत, खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी कलम ४४अ ची स्वतंत्र वाट आहे. अटींत बसणाऱ्या जमिनीला त्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागत नाही, पण वापर सुरू केल्यापासून तीस दिवसांच्या आत तहसीलदारांना कळवावे लागते.

कुक्कुटपालनाचा विषय थोडा वेगळा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याने ‘शेती’ या शब्दात फळबाग, कुक्कुटपालन, पशुपैदास, मत्स्यबीज आणि मधमाशीपालन यांचा स्पष्टपणे समावेश केला आहे. तरीही हजारो पक्ष्यांची शेड उभारताना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि वस्ती, पाणवठा व रस्ता यांपासूनचे अंतर यांचा विचार आधी करावा लागतो, कारण वासाची पहिली तक्रार शेजारच्या वस्तीतूनच येते आणि शेड उभी राहिल्यानंतर अंतर वाढवता येत नाही.

प्रश्न दुसरा : जमीन कोणत्या क्षेत्रात येते?

जमीन महसूल अधिनियमाचे कलम ४१(१) शेतकऱ्याला शेत इमारत, विहीर, तळे आणि जमिनीच्या इतर सुधारणा करण्याचा हक्क देते. मात्र ४१(२) मध्ये ज्या क्षेत्रांत आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते ती क्षेत्रे सांगितली आहेत : महानगरपालिका व नगरपालिका यांची हद्द, त्यातील मोठ्या शहरांच्या हद्दीलगतचा काही किलोमीटरांचा पट्टा, आणि प्रादेशिक योजना किंवा नगररचना योजना लागू असलेले क्षेत्र. ‘आमचे गाव आडवळणाला आहे, येथे कोण विचारतो’ असे म्हणणाऱ्याने हा शेवटचा प्रकार पुन्हा वाचावा, कारण प्रादेशिक योजनेला शहर लागत नाही. तिच्या नकाशात डोंगरातली वाडीही असते.

म्हणून पहिले काम म्हणजे नगररचना कार्यालयातून आपल्या गटाचा झोन दाखला काढणे. गट शेती विभागात आहे, हरित विभागात आहे, की त्यातून नियोजित रस्ता जातो, हे या दाखल्यावरून कळते. नियोजित रस्त्याच्या रेषेवर गोठा बांधून पुढे दहा वर्षांनी तो पाडावा लागलेला मी पाहिला आहे. त्या शेतकऱ्याची जमीन निर्विवाद त्याची होती, आणि झोन दाखला मात्र त्याने कधी काढलाच नव्हता.

झोन दाखल्याबरोबरच आणखी काही रेषा पाहाव्या लागतात. नदीकाठच्या जमिनीवर जलसंपदा विभागाची पूररेषा असते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा असून निळी ते लाल हा निर्बंधित पट्टा आहे. महामार्गालगत इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा असते, म्हणजे रस्त्यापासून किती अंतरापर्यंत बांधकामावर बंधन आहे ते दाखवणारी रेषा, तिची माहिती सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महामार्ग प्राधिकरण देते. शेतावरून उच्चदाबाची तार गेली असेल, तर ११ किलोव्होल्टच्या वाहिनीपासून छताचे आडवे अंतर किमान १.२ मीटर आणि उभे अंतर ३.७ मीटर ठेवावे लागते. कडब्याची गंजी रचल्यावर हे उभे अंतर किती उरेल, याचा हिशेब नकाशावर दिसत नाही. तो शेतात उभे राहूनच करावा. किनारपट्टीवर सागरी नियमन क्षेत्र, तर डहाणू (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) यांसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांत अधिक कडक अटी आहेत.

काही कामांना मात्र विकास परवानगी, म्हणजे नगररचना अधिनियमाखालची परवानगी, लागत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ नुसार शेतीच्या नेहमीच्या कामातील खोदाई, विहिरीसह, आणि केवळ शेतीसाठी शेतापर्यंत नेलेला रस्ता यांना सूट आहे. पण या सुटीचा अर्थ विहिरीला कोणताच नियम नाही असा नव्हे : सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्याला भूजल कायद्याचे निर्बंध आहेत.

क्षेत्राचे गणित

परवानगीच्या क्षेत्रात कलम ४१(३) जोत्याच्या क्षेत्रफळाची मर्यादा घालते. धारण क्षेत्र ०.४ हेक्टरपेक्षा जास्त पण ०.६ हेक्टरपर्यंत असेल, तर सर्व शेत इमारती मिळून जोते १५० चौरस मीटरच्या पुढे नेता येत नाही. ०.६ हेक्टरपेक्षा जास्त असेल, तर क्षेत्राचा चाळिसावा भाग किंवा ४०० चौरस मीटर, यांपैकी जे कमी असेल ते. राहण्याच्या इमारतींचे जोते मात्र कोणत्याही परिस्थितीत १५० चौरस मीटरपेक्षा जास्त असत नाही. इमारत फक्त तळमजल्याची असावी आणि जोत्यापासून तिची उंची ५ मीटरपेक्षा जास्त नसावी.

समजा, गट ०.८० हेक्टरचा आहे. म्हणजे ८,००० चौरस मीटर, आणि त्याचा चाळिसावा भाग २०० चौरस मीटर. त्यात ७० चौरस मीटरचे घर, ६० चा गोठा आणि ५० ची कांदाचाळ धरली तर १८० झाले आणि २० शिल्लक राहिले. आता मुलाने पुढच्या वर्षी अवजारांची २५ चौरस मीटरची शेड टाकायची म्हटली, तर हिशेब ओलांडला जातो. त्यामुळे आज बांधायचे आणि पुढच्या पाच वर्षांत लागणारे, असे दोन्ही एकाच कागदावर मांडून मगच अर्ज करावा. जुनी पडवी किंवा विटांची खोली शेतात आधीच उभी असेल, तर तीही बेरजेत धरावी लागते. ती ‘जुनीच आहे’ म्हणून नकाशावरून वगळली, तर पाहणीच्या दिवशी ती सर्वांत आधी दिसते.

एकरावर जगणाऱ्या माणसाने एक गोष्ट नीट पाहावी. ४० गुंठे म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे ०.४ हेक्टरपेक्षा जेमतेम थोडे अधिक. पण ३९ गुंठे म्हणजे सुमारे ३,९४६ चौरस मीटर, म्हणजे मर्यादेच्या खाली. बोलण्यात दोन्ही ‘एक एकर’च असतात. ०.४ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्रावर घरासाठी परवानगी मिळत नाही, आणि रस्त्यासाठी दोन गुंठे सोडून दिलेल्या शेतकऱ्याला हे सातबाऱ्यावरचा आकडा वाचल्यानंतरच कळते.

जमिनीचे कागद : अर्ज खरा येथेच अडतो

इमारतीच्या नकाशात दोष निघून अर्ज परत येण्याचे प्रमाण मी फारसे पाहिलेले नाही. जमिनीच्या कागदांतील विसंगतीमुळे परत येणारे अर्ज मात्र मोजता येणार नाहीत इतके आहेत. माझ्या स्वतःच्या गोठ्याचा अर्ज पहिल्या खेपेस याच कारणाने फिरला : सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि मोजणीच्या नकाशातले क्षेत्र यांत तीन गुंठ्यांचा फरक होता आणि तो गेल्या दोन पिढ्यांत कुणी वाचलेलाच नव्हता. लेखनदोषाची अशी चूक जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्त करून घेता येते, पण तिला वेळ लागतो, आणि तो वेळ पावसाळ्यापूर्वी छप्पर घालायच्या घाईत कधीच हाताशी नसतो.

म्हणून डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सर्व जमिनींचा उतारा) काढून त्यातील प्रत्येक रकाना शांतपणे वाचावा. भोगवटादार वर्ग १ असेल तर पुढचे सोपे. वर्ग २ असेल, म्हणजे जमीन शासनाकडून अटींवर मिळालेली असेल, तर त्या अटींत बांधकामाविषयी काय लिहिले आहे हे आधी मूळ आदेशात शोधावे, नाही तर शर्तभंगाचे प्रकरण उभे राहू शकते. इतर हक्कांच्या रकान्यात कुळ, बँकेचा बोजा, भूसंपादनाची किंवा पुनर्वसनाची नोंद असेल, तर तिचा उलगडा करणारा फेरफार सोबत ठेवावा. बोजा असलेल्या जमिनीसाठी बँकेचे ना हरकत पत्र मागितले जाते.

सामाईक खाते ही दुसरी अडचण. वाटणी बांधावर झालेली असते, तिघे भाऊ आपापले कसत असतात, पण सातबारा मात्र एकच असतो. अशा वेळी कायद्याच्या दृष्टीने आपण दाखवलेली जागा ‘आपली’ नसते, ती सर्वांची असते. सर्व सहधारकांचे संमतिपत्र घ्यावे, किंवा कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज करून पोटहिस्सा स्वतंत्र करून घ्यावा. दुसरा मार्ग लांबचा आहे, तरी बांधकामावर लाखो रुपये घालणाऱ्याने तोच धरावा असे माझे मत आहे. संमतिपत्र देणारा भाऊ आणि त्याचा वारस यांचे मत एक असेलच असे नाही.

यानंतर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करावा. मोजणी झाल्यावर मिळणारी ‘क’ प्रत म्हणजे बांधकाम नेमके कोणत्या सीमेपासून किती अंतरावर आहे हे सांगणारा एकमेव विश्वासार्ह कागद. मोजणीच्या दिवशी लगतच्या शेतकऱ्यांना हजर राहण्याची नोटीस जाते. त्या दिवशी आपणही खुणांचे दगड स्वतः पाहून घ्यावेत. शेवटी रस्ता. गटापर्यंत जाणारा रस्ता नकाशावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या बांधावरून जायची सवय आहे, हे स्पष्ट करावे. सवयीचाच असेल, तर कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

अर्ज आणि नकाशा

अर्ज विहित नमुन्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करायचा असतो. हे अधिकार अनेकदा प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे सोपवलेले असतात, तेव्हा अर्ज कोणाकडे द्यायचा हे तालुक्यात आधी विचारावे. सोबत सातबारा, आठ-अ, संबंधित फेरफार, ‘क’ प्रत, झोन दाखला, चतुःसीमेची माहिती, सहधारकांची संमती आणि वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याने काढलेला नकाशा जोडावा. जेथे एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे (डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागात ती लागू आहे), तेथे शेतघरासाठी आधी महसुली परवानगी आणि नंतर तिच्या प्रतीसह बांधकाम परवानगी, असा दोन टप्प्यांचा क्रम असतो.

नकाशा काढणाऱ्याला काय बांधायचे आहे ते खरे सांगावे. अवजारांच्या खोलीला जोडलेले स्नानगृह, स्वयंपाकाचा ओटा आणि रस्त्याच्या बाजूला काचेची मोठी खिडकी दाखवलेला नकाशा घेऊन ‘खत साठवण’ असे लिहून भागत नाही. अधिकारी तो नकाशा तुमच्याआधी शंभर वेळा पाहून बसलेला असतो. उलट गोठ्याच्या नकाशात गव्हाण, मूत्रवाहिनी, शेणखताचा खड्डा आणि चाऱ्याची जागा स्पष्ट दाखवली, तर वापराबद्दल प्रश्नच उरत नाही. दहा दुभत्या गाईंसाठी प्रत्येकी साडेतीन ते चार चौरस मीटर छपराखालची जागा धरली, तर गोठा ४० चौरस मीटरपर्यंत होतो. मग १५० चौरस मीटरचा गोठा मागताना जनावरांची संख्या आणि चाऱ्याचे क्षेत्र यांचा तपशील अर्जातच द्यावा.

अर्जाच्या पत्रात प्रत्येक इमारत, तिची लांबी-रुंदी, जोत्यापासूनची उंची, छपराचा प्रकार आणि नेमका उपयोग हे वाक्यांत लिहावे. शुल्काची पावती आणि अर्जाची पोच, तारखेसह, जपून ठेवावी. पुढची सगळी मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

पाहणी, निर्णय आणि नकार

अर्जानंतर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात. त्या दिवशी जोत्याचे चार कोपरे चुन्याने किंवा खुंट्यांनी आखून ठेवावेत. पंचनाम्यात ‘जागेवर सध्या बांधकाम नाही’ हे वाक्य यायला हवे, आणि ते यावे म्हणून त्याआधी खडी-विटांचे ढीग रचू नयेत. पंचनामा वाचूनच सही करावी. शेजाऱ्याची दिशा किंवा गट क्रमांक चुकलेला असेल तर तो तेथेच दुरुस्त करून घ्यावा.

नियोजन प्राधिकरणाकडे गेलेल्या विकास परवानगीच्या अर्जावर, नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार, ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. पण हे मानणे केवळ नियमांशी तंतोतंत जुळणाऱ्या बांधकामापुरते आहे, आणि त्रुटीचे पत्र आले असेल तर ६० दिवस त्याच्या उत्तरापासून मोजले जातात. या तरतुदीच्या भरवशावर कामाला लागण्यापेक्षा, मुदत संपताच लेखी पत्र देऊन पोच घ्यावी असा माझा सल्ला आहे.

नकार आला किंवा अटी जाचक वाटल्या, तर कलम ४७ खाली आदेश कळल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. महसुली आदेशाविरुद्धचे अपील वेगळे असून ते जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खाली वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे जाते. त्याआधी नकाराचे कारण नीट वाचावे. कारण बहुधा एकच असते आणि दुरुस्त करता येण्याजोगे असते, तेव्हा अपिलापेक्षा सुधारित अर्ज लवकर मार्गी लागतो.

परवानगीशिवाय आधीच बांधले असेल, तर कलम ४१(५) नुसार ती जमीन अकृषिक वापरात आणली असे मानले जाऊन दंडाची कारवाई होऊ शकते. मर्यादेत बसणारे बांधकाम असेल, तर नोटिशीला मुदतीत उत्तर देऊन नियमित करून घेण्याचा अर्ज करावा. नोटीस न घेणे किंवा घराला कुलूप लावून बसणे याने नोटीस टळत नाही, ती भिंतीला डकवली जाते.

परवानगी हाती आल्यानंतर

विकास परवानगी एक वर्षासाठी असते. ती दरवर्षी अर्ज करून वाढवता येते, पण वाढीव मुदत एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि जोत्यापर्यंत काम झालेच नसेल तर नव्याने अर्ज करावा लागतो. कांद्याचे पैसे आल्यावर बांधू असा विचार असेल, तर मुदत संपायच्या आत निदान जोते उरकावे.

भरावासाठी मुरूम आणताना गौण खनिजाचा परवाना पाहावा. विनापरवाना उत्खनन आणि वाहतुकीला बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे, आणि तो बऱ्याचदा गोठ्याच्या खर्चाशी स्पर्धा करतो. जागेवरचे झाड तोडायचे असेल, तर ते कोणत्या जातीचे आहे हे पाहून वृक्षतोडीची परवानगी आधी घ्यावी. काम नकाशाप्रमाणेच करावे. उंची अर्धा मीटर वाढवण्याची सूचना सुतार हमखास करतो, कारण पत्र्याखाली उकडते. तेव्हा पत्र्याची उंची न वाढवता छपराला वायुविजनाची फट ठेवून घ्यावी.

काम पूर्ण झाल्यावर परवानगीचा आदेश, मंजूर नकाशा आणि पूर्ण झालेल्या इमारतीची तारखेसह छायाचित्रे एका फायलीत ठेवावीत. वीजजोडणीच्या अर्जाला, बँकेच्या कर्जाला आणि गोठा किंवा कांदाचाळ यांच्या अनुदानाच्या प्रस्तावाला हेच कागद पुन्हा लागतात. ग्रामपंचायत घरपट्टी आकारून इमारतीला क्रमांक देते, पण तो क्रमांक कर आकारणीपुरता आहे. महसुली परवानगीच्या जागी तो चालत नाही.